तिजोरीच्या दोन किल्ल्या आणि कार्यालयाचे संगणकीय खाते

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या पुढाकाराने २० जुलै १९०८ रोजी बडोदे शहरात 'बँक ऑफ बडोदा' स्थापन झाली. १९ जुलै १९६९ रोजी देशातील अन्य १३ मोठ्या बँकांसमवेत तिचे राष्ट्रीयीकरण झाले. आज तिचा कारभार देशभर व परदेशांतही पसरलेला असला, तरी तिचे नोंदणीकृत मुख्य कार्यालय वडोदरा, म्हणजेच मराठी माणसाच्या जुन्या परिचयाचे बडोदे, येथेच आहे.

बँक कोणतीही असो, तिच्या तिजोरीबाबत एक रिवाज कटाक्षाने पाळला जातो. तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. तिला दोन किल्ल्या लागतात व त्या दोन वेगवेगळ्या जबाबदार व्यक्तींच्या ताब्यात असतात. किल्ल्यांच्या दुसऱ्या प्रती त्याच इमारतीत न ठेवता अन्यत्र, मोहोरबंद स्थितीत, सुरक्षित ठेवल्या जातात. किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे जाताना नोंदवहीत नोंद होते व दोघांच्या स्वाक्षऱ्या होतात. शासकीय कोषागारांतील दुहेरी कुलपाची पद्धतही याच धर्तीची आहे. या रिवाजाचे मर्म तीन गोष्टींत आहे. एका हाती सर्व सत्ता नसावी, एक किल्ली हरवल्याने काम अडू नये आणि कोणती किल्ली कोणाकडे आहे हे केव्हाही सांगता यावे.

आता शाळा, ग्रामपंचायत, तालुका कार्यालय यांचा बराचसा कारभार संगणकावरील खात्यांतून चालतो. 'खाते' या शब्दाचा अर्थ येथे शासनाचा विभाग असा नसून, नाव व संकेतशब्द (पासवर्ड) देऊन उघडावयाची संगणकीय जागा असा घ्यावयाचा आहे. कार्यालयाचा ई-मेल, विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे संकेतस्थळ, देयके पाठविण्याची प्रणाली ही त्याची उदाहरणे होत. या खात्यांना आता दुसरे कुलूप आले आहे. त्यास दुहेरी पडताळणी म्हणतात. हे कुलूप कसे चालते, ते कसे बसवावे आणि अनेकांनी मिळून वापरावयाच्या खात्याच्या बाबतीत त्याची किल्ली कोणाकडे असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बडोद्याच्या बँकेचा एक अलीकडील धडा

बँक व्यवहारांत दुसऱ्या कुलपाचा परिचय सर्वांना आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २००९ रोजी दिलेल्या निर्देशानुसार, कार्ड समक्ष न दाखवता होणाऱ्या व्यवहारांसाठी १ ऑगस्ट २००९ पासून जादा पडताळणी आवश्यक करण्यात आली. तेव्हापासून मोबाइलवर येणारा, एकदाच चालणारा अंक, ज्यास सर्वजण 'ओटीपी' म्हणतात, तो घरोघरी पोहोचला. परंतु मोबाइल क्रमांक योग्य माणसाचा असेल तरच या अंकाला अर्थ आहे. क्रमांक भलत्याचा असेल, तर किल्लीही भलत्याच्या हाती जाते.

जुलै २०२३ मध्ये बँक ऑफ बडोदाच्या 'बॉब वर्ल्ड' या मोबाइल ॲपविषयी काही वृत्ते प्रसिद्ध झाली. ॲपवरील ग्राहकांची संख्या वाढविण्यासाठी काही खात्यांना खातेदारांशी संबंध नसलेल्या व्यक्तींचे मोबाइल क्रमांक जोडण्यात आले, असे त्यांत म्हटले होते. बँकेने त्या वेळी या वृत्तांचा इन्कार केला होता. पुढे १० ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने, ग्राहकांना या ॲपवर दाखल करून घेण्याच्या पद्धतीत पर्यवेक्षणाच्या दृष्टीने गंभीर बाबी आढळल्याचे नमूद करून, नवीन ग्राहक दाखल करणे तत्काळ थांबविण्याचा आदेश दिला. सुधारणा झाल्यावर ८ मे २०२४ रोजी हा निर्बंध उठविण्यात आला.

या प्रकरणातून प्रत्येक कार्यालयाने एक बोध घ्यावयाचा आहे. दुसरे कुलूप बसविले एवढ्याने खाते सुरक्षित होत नाही. त्या कुलपाची किल्ली ज्याच्या खिशात आहे, तोच या खात्याचा खरा धनी होतो. म्हणून 'कुलूप आहे काय' या प्रश्नाबरोबरच 'कोणाचा क्रमांक जोडला आहे' हा प्रश्नही विचारलाच पाहिजे.

दोन पुरावे आणि दोन माणसे

येथे एक फरक ध्यानी घेणे अगत्याचे आहे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. दोघे उपस्थित असल्याविना ती उघडू नये, हा तिचा हेतू. दुहेरी पडताळणीत मात्र माणूस एकच असतो व त्याच्याकडून दोन जातींचे पुरावे मागितले जातात. पहिला पुरावा त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीचा, म्हणजे संकेतशब्दाचा. दुसरा त्याच्या जवळ असलेल्या वस्तूचा, म्हणजे मोबाइलचा अथवा किल्लीसारख्या उपकरणाचा. काही ठिकाणी बोटाचा ठसा किंवा चेहरा हाही पुरावा धरतात. संकेतशब्द दूरदेशीचा चोरही मिळवू शकतो. परंतु त्याच वेळी मोबाइलही त्याच्या हाती असणे कठीण, म्हणून दोन जातींचे पुरावे मागितले जातात.

कार्यालयांत या दोन कल्पनांची गल्लत होते. लिपिकाला संकेतशब्द ठाऊक असतो, पण अंक मुख्याध्यापकांच्या वा वरिष्ठांच्या मोबाइलवर येतो. मग रोज सकाळी दूरध्वनी होतो, "साहेब, आताच एक अंक आला असेल, तेवढा सांगा." साहेब बैठकीत असोत वा प्रवासात, अंक वाचून दाखवतात. वरवर पाहता ही दोन माणसांची दक्षता वाटते. प्रत्यक्षात साहेबांना लिपिक कोणते काम करीत आहे हे दिसत नाही, आणि खात्यात नोंद साहेबांच्या नावे होते.

याहून मोठा धोका सवयीचा आहे. फसवणूक करणारा मनुष्य दूरध्वनीवर नेमके हेच वाक्य बोलतो. ज्या कार्यालयात अंक दूरध्वनीवर मागणे व सांगणे हा नित्याचा व्यवहार झाला आहे, तेथे चोराला निराळी युक्ती योजावी लागत नाही. 'ओटीपी कोणासही सांगू नका' अशी सूचना भिंतीवर लावावयाची आणि तिच्याच खाली बसून तो सांगावयाचा, ही विसंगती दूर झाल्याखेरीज सुरक्षिततेच्या अन्य उपायांना अर्थ नाही.

दुसऱ्या पुराव्याचे तीन प्रकार

(१) संदेशाने येणारा अंक. यास साधा मोबाइलही चालतो. मात्र मोबाइल क्रमांक हा फोनचा नव्हे, सिमकार्डाचा असतो. खोटी कागदपत्रे दाखवून दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिमकार्ड मिळविण्याचे प्रकार घडतात. दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक बंद होऊन काही काळाने अन्य ग्राहकास दिला जातो. शिवाय जेथे मोबाइलचे जाळे क्षीण, तेथे अंक वेळेवर पोहोचत नाही.

(२) ॲपमध्ये तयार होणारा अंक. यात मोबाइलवर एक पडताळणी ॲप घेतात. खाते जोडताना पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, दिसतो. त्यात एक गुप्त बीज दडलेले असते. चौकोनाचे चित्र मोबाइलने टिपले की तेच बीज मोबाइलमध्येही साठते. नंतर संकेतस्थळ व मोबाइल हे दोघे ते बीज आणि घड्याळातील वेळ यांवरून एकच गणित करतात. त्यातून बहुधा सहा आकडी अंक निघतो आणि दर ३० सेकंदांनी तो बदलतो. ही रीत २०११ मध्ये जागतिक मानक म्हणून प्रसिद्ध झाली. अंक मोबाइलमध्येच तयार होत असल्याने त्यासाठी मोबाइलचे जाळे वा इंटरनेट लागत नाही. दुर्गम गावातील शाळेस हा मोठाच लाभ होय. मोबाइलचे घड्याळ मात्र बरोबर असावे लागते. ते चुकल्यास अंकही चुकतो.

(३) सुरक्षा किल्ली. ही पेनड्राइव्हसारखी लहान वस्तू संगणकास जोडून बोटाने स्पर्श करावयाची असते. पहिल्या दोन प्रकारांत मनुष्य फसून आपला अंक खोट्या संकेतस्थळावर भरू शकतो. ही किल्ली मात्र ज्या संकेतस्थळाशी जोडली गेली त्यासच उत्तर देते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानापुढे ती गप्प राहते. म्हणून महत्त्वाच्या खात्यांच्या व्यवस्थापकांसाठी हा प्रकार सर्वांत भरवशाचा आहे. किल्ल्या मात्र दोन घ्याव्यात व दोन्ही जोडून ठेवाव्यात, एक वापरासाठी व दुसरी तिजोरीसाठी.

व्यवस्था कशी लावावी

उत्तम व्यवस्थेचे सूत्र असे : खाते कार्यालयाचे असावे, परंतु प्रवेश ज्याचा त्याचा स्वतंत्र असावा. बहुतेक आधुनिक प्रणालींत एकाच कार्यालयातील अनेक व्यक्तींना आपापल्या नावाने प्रवेश देता येतो. हजेरीपत्रकावर प्रत्येकजण जशी आपली स्वाक्षरी करतो, तसाच प्रत्येकाचा संकेतशब्द व प्रत्येकाचे दुसरे कुलूप निराळे असावे. मग कोणते काम कोणी केले हे आपोआप नोंदले जाते व निरपराध माणसावर ठपका येत नाही. ही व्यवस्था पुढील क्रमाने लावता येईल.

प्रथम, कार्यालयातील सर्व संगणकीय खात्यांची एक नोंदवही करावी. खात्याचे नाव, ते कशासाठी आहे, कोणता मोबाइल क्रमांक व कोणता ई-मेल त्यास जोडला आहे आणि कोणाकोणास प्रवेश आहे, एवढेच तीत लिहावे. संकेतशब्द या वहीत लिहू नयेत.

दुसरे, ई-मेलच्या खात्यापासून आरंभ करावा. अन्य खात्यांचे संकेतशब्द विसरल्यास नवे संकेतशब्द घेण्याचा दुवा बहुधा ई-मेलवरच येतो. ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती बाकी सारी दारे.

तिसरे, प्रत्येक खात्यास किमान दोन व्यवस्थापक असावेत. एकच व्यवस्थापक असल्यास तो आजारी पडताच कार्यालय अडते. दहा व्यवस्थापक असल्यास जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

चौथे, खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन दुसरे कुलूप चालू करावे व त्यास एकाहून अधिक पर्याय जोडावेत.

पाचवे, कुलूप चालू करतानाच राखीव अंक उतरवून घ्यावेत. मोबाइल हरवल्यास उपयोगी पडावेत म्हणून बऱ्याच प्रणाली असे अंक देतात. उदाहरणार्थ, गुगलच्या खात्यास आठ आकडी दहा अंक मिळतात व त्यांतील प्रत्येक अंक एकदाच चालतो. ते कागदावर छापून लिफाफ्यात मोहोरबंद करावेत आणि कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावेत. तिजोरीच्या किल्लीची दुसरी प्रत ती हीच. मोबाइलमध्ये या कागदाचे छायाचित्र ठेवणे म्हणजे किल्लीची प्रत दारावरच टांगणे होय.

सहावे, सर्व जुळवून झाल्यावर बाहेर पडून पुन्हा प्रवेश करून पाहावा. ही चाचणी दुसऱ्या व्यवस्थापकानेही करावी. जोडणी पुरी होण्यापूर्वी जुना पर्याय काढून टाकू नये.

एकच खाते वाटून वापरणे भाग पडल्यास

सर्वच प्रणाली अनेकांना निराळा प्रवेश देत नाहीत. काही संकेतस्थळांवर एका शाळेस वा कार्यालयास एकच नाव व एकच मोबाइल क्रमांक मिळतो. अशा वेळी वाटून घेणे अपरिहार्य असते. मात्र ते शिस्तीने व्हावे.

अशा खात्यास कोणा कर्मचाऱ्याचा खाजगी क्रमांक जोडू नये. कार्यालयाच्या नावे घेतलेले सिमकार्ड व एक साधा मोबाइल कार्यालयातच ठेवावा. तो सुरू राहील व त्याचे शुल्क भरले जाईल, हे काम एका व्यक्तीकडे सोपवावे. पडताळणी ॲप चालत असल्यास, जोडणीच्या वेळी पडद्यावरील तोच चौकोन नेमलेल्या दोन व्यक्तींनी आपापल्या मोबाइलवर एकामागून एक टिपावा. बीज एकच असल्याने दोन्ही मोबाइलांवर एकाच क्षणी एकच अंक दिसेल. मग कोणी कोणास दूरध्वनी करण्याचे कारण उरत नाही.

याच सोयीत तिचा धोकाही आहे. त्या चौकोनाचे छायाचित्र ज्याच्याकडे राहील, त्यास कायमची किल्ली मिळाली असे समजावे. म्हणून तो कोणाही व्यक्तीस अथवा व्हॉट्सॲप गटावर पाठवू नये. संकेतशब्द व बीज एकाच कागदावर वा एकाच ठिकाणी ठेवल्यासही दोन कुलपांचे पुन्हा एकच कुलूप होते. खाते कोणी व केव्हा उघडले याची तारीखवार नोंद साध्या वहीत ठेवावी, कारण यंत्राला माणसांतील भेद येथे कळत नाही. तो भेद वहीनेच दाखवावा लागतो.

बदली, निवृत्ती आणि हरवलेला मोबाइल

समजा, एका शाळेचे मुख्याध्यापक मे महिन्यात निवृत्त होऊन परगावी राहावयास गेले. जूनमध्ये विद्यार्थ्यांची माहिती भरावयाची वेळ आली, तेव्हा अंक त्यांच्याच क्रमांकावर जात असल्याचे उघड झाले. ते सज्जन असल्याने दूरध्वनीवर अंक सांगत राहिले. पुढे त्यांनी क्रमांक बदलला आणि शाळेचे दार बंद झाले. माहिती वेळेत न गेल्याने शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या मुलांची नावे मागे राहिली. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. केवळ किल्ली सुपूर्द करण्याची नोंद झाली नाही, आणि तिची झळ लागली ती मुलांना.

यास्तव कार्यभार सोपविताना रोकड, दप्तर व जड वस्तूंच्या यादीबरोबर संगणकीय खात्यांची यादीही असावी. जाणाऱ्या व्यक्तीसमक्ष नव्या व्यक्तीचा क्रमांक वा मोबाइल जोडावा व चाचणी घ्यावी. त्यानंतरच जुनी जोडणी काढावी. सामाईक खाते असल्यास संकेतशब्द बदलावाच, शिवाय बीजही नवे घ्यावे. केवळ संकेतशब्द बदलल्याने जुन्या मोबाइलवरील अंक बंद होत नाहीत. राखीव अंकही नव्याने काढावेत व 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरावा. यात जाणाऱ्या माणसावर अविश्वास नाही. उलट पुढे काही घडल्यास तो त्या दोषापासून मुक्त राहतो.

मोबाइल हरवल्यास प्रथम राखीव अंकाने खात्यात प्रवेश करून हरवलेल्या मोबाइलची जोडणी तोडावी व सिमकार्ड बंद करवावे. पैशाची फसवणूक झाली असल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम रोखून धरण्याची शक्यता अधिक असते. शासकीय कार्यालयाच्या संगणक प्रणालीत घुसखोरी झाल्यास २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशानुसार तिची माहिती सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेस देणे बंधनकारक आहे. कर्मचाऱ्याने लज्जेपोटी वा भीतीपोटी गोष्ट लपवू नये आणि वरिष्ठांनीही प्रथम कुलूप सांभाळावे, दोष नंतर पाहावा.

ग्रामपंचायतीतील दोन स्वाक्षऱ्या

बँकेची तिजोरी आणि शाळेचे खाते यांत ज्या दोन कल्पना निरनिराळ्या दिसल्या, त्या ग्रामपंचायतीच्या कारभारात एकत्र येतात. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'ई-ग्रामस्वराज' प्रणालीतून निधीची देयके निघतात. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व सरपंच या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. एकाने देयक तयार करावयाचे व दुसऱ्याने तपासून मंजूर करावयाचे, ही दोन माणसांची दक्षता. प्रत्येकाची स्वाक्षरी एका लहान उपकरणात असते व ती उमटविण्यास त्याचा गुप्त अंकही लागतो, ही दोन पुराव्यांची दक्षता. रचना अशी दुपेडी व भक्कम आहे.

परंतु दोन्ही उपकरणे व दोन्ही गुप्त अंक सोयीसाठी संगणक चालविणाऱ्या एकाच व्यक्तीकडे ठेवले, तर चारही किल्ल्या एका जुडग्यात येतात. सरपंचांनी न पाहिलेल्या देयकावर सरपंचांची स्वाक्षरी होते आणि कायद्याच्या दृष्टीने ती त्यांचीच ठरते. अन्य व्यक्तीची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी वा संकेतशब्द लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ६६-ग या कलमाखाली गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि शिक्षेने गेलेला निधी परत येतोच असे नाही. सरपंच नवखे असोत वा संगणकाशी अपरिचित असोत, उपकरण त्यांच्याच जवळ असावे. देयक वाचून दाखविण्यास सांगावे आणि मगच गुप्त अंक स्वतःच्या हाताने भरावा. पाणीपुरवठ्याच्या नळाचे वा शाळेच्या छपराचे पैसे योग्य ठिकाणी जाण्याची हमी त्या दहा मिनिटांच्या खोळंब्यात आहे.

समारोप

पेढीच्या तिजोरीपासून गावच्या संगणकापर्यंत साधने पुष्कळ बदलली, पण विश्वासाने सोपविलेली वस्तू सांभाळण्याची रीत तीच राहिली आहे. किल्ली ज्याची त्याच्याकडे, दुसरी प्रत मोहोरबंद आणि हस्तांतराची नोंद वहीत, एवढे पाळले तर दुसरे कुलूप कामात अडथळा ठरत नाही. ते माणसाला चोरापासून राखते व खोट्या आळापासूनही राखते.

अभ्यासासाठी प्रश्न व उपक्रम

१. दोन किल्ल्यांची तिजोरी व दुहेरी पडताळणी यांतील साम्य व भेद सांगा.

२. संदेशाने येणारा अंक व ॲपमध्ये तयार होणारा अंक यांपैकी आपल्या गावी कोणता अधिक उपयुक्त ठरेल? कारणे द्या.

३. आपल्या कार्यालयातील किंवा शाळेतील प्रत्येक संगणकीय खात्यास कोणाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, याची यादी करा. बदलून गेलेल्या वा निवृत्त झालेल्या व्यक्तीचा क्रमांक आढळल्यास या आठवड्यातच तो बदलून घ्या.

४. राखीव अंकांचा लिफाफा कोठे आहे व तो कोणाच्या अनुमतीने उघडावयाचा, हे मासिक सभेत ठरवून कार्यवृत्तात नमूद करा.